दिवाळखोरीत कामाची गाडी कशी राहिली: नॅशनल डेटलाइनचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला की दुसऱ्या दिवशी दारातली गाडी उचलून नेतात, असं मला जो भेटेल तो सांगत होता. माझी गाडी गेली असती तर पाठोपाठ नोकरीही गेली असती. ती आजही माझ्याकडेच आहे आणि त्यात लपवाछपवी काही नाही. कायद्यातच तशी तरतूद आहे. ती मला समजावून सांगितली आणि अर्जाआधी माझ्याकडून पुरती तयारी करून घेतली ती नॅशनल डेटलाइन या मोफत सल्लासेवेनं. म्हणून हा रिव्ह्यू त्यांचा. पण ओघात सगळ्याच प्रक्रियेबद्दल लिहिणार आहे, कारण आपल्या मराठी मंडळींत या विषयावर कुणी तोंड उघडत नाही आणि ज्याच्यावर वेळ येते तो एकटा पडतो.

माझी परिस्थिती थोडक्यात सांगते. मी नॉरफकमधल्या खेड्यांत घरोघरी जाऊन वृद्ध आणि आजारी लोकांची काळजी घेण्याचं काम करते. त्याआधी आमचं किराणा दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा कर्जाला आणि जागेच्या भाडेकराराला दिलेली माझी वैयक्तिक हमी माझ्या गळ्यात आली. त्यात क्रेडिट कार्डं. सगळं मिळून देणं साठ हजार पौंडांच्या घरात गेलं. राहतं घर भाड्याचं. मालमत्ता म्हणावी अशी एकच वस्तू, एक जुनी टोयोटा यारिस, तीही रोखीनं घेतलेली.

नॅशनल डेटलाइनला फोन करण्याआधी एका कर्जमुक्तीवाल्या कंपनीशी बोलणं झालं होतं. इंटरनेटवरच्या जाहिरातीत माहिती भरली आणि तासाभरात त्यांचा फोन. बोलणारा मुलगा फार गोड बोलत होता. त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर: "बँकरप्सी केलीत तर गाडी गेली म्हणून समजा, त्यापेक्षा आयव्हीए घ्या." आयव्हीए म्हणजे घेणेकऱ्यांशी होणारा कायदेशीर करार, साधारण पाच-सहा वर्षं दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. काही लोकांसाठी तो खरंच योग्य असतो, विशेषतः घर वाचवायचं असेल तर. पण माझ्या पगारातून काय शिल्लक राहतं हे त्यानं नीट विचारलंसुद्धा नाही. अशा ग्राहक जमवणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाईक पुढे पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या सरकारी नियामक संस्थेनं बंदी घातली, हे मला नंतर समजलं. भीती दाखवून कुणी काही विकत असेल तर फोन ठेवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

नॅशनल डेटलाइन ही मनी ॲडव्हाइस ट्रस्ट या धर्मादाय संस्थेची सेवा. पैसे घेत नाहीत आणि विकायला त्यांच्याकडे काही नाही. याचा फरक पहिल्याच बोलण्यात जाणवतो. माझ्याशी बोललेल्या सल्लागार बाईंनी आधी विचारलं की दारात कुणी जप्तीवाले येतायत का, वीज-गॅस तुटायची वेळ आली आहे का, घरभाडं थकलं आहे का. हे आधी, क्रेडिट कार्डं नंतर. गरज असेल तर 'ब्रीदिंग स्पेस' नावाची सोय आहे, मे २०२१ पासूनची. सल्लासंस्थेमार्फत ती लागू केली की ६० दिवस बहुतेक घेणेकऱ्यांना वसुलीची कारवाई करता येत नाही आणि व्याज-दंडही थांबतो. माझ्यासाठी हा श्वास फार मोलाचा होता.

मग त्यांनी पर्याय मांडले. देणं कमी असतं तर डेट रिलीफ ऑर्डर, म्हणजे डीआरओ, हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. एप्रिल २०२४ पासून त्याची ९० पौंडांची फी रद्द झाली आहे, आणि २८ जून २०२४ पासून देण्याची मर्यादा ५०,००० पौंड आणि गाडीच्या किमतीची मर्यादा ४,००० पौंड झाली आहे. आधी गाडीची मर्यादा निम्मी होती. ज्यांचं देणं यात बसतं त्यांनी दिवाळखोरीकडे वळण्याआधी हे जरूर विचारावं. माझं देणं मर्यादेच्या वर, त्यामुळे तो रस्ता बंद.

आता मुख्य मुद्दा, गाडीचा. इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट १९८६ च्या कलम २८३ मध्ये म्हटलं आहे की दिवाळखोर माणसाला स्वतःच्या नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी लागणारी अवजारं, पुस्तकं, वाहनं आणि इतर साधनं त्याच्या मालमत्तेत धरली जात नाहीत. वाहनं हा शब्द कायद्यात चक्क लिहिलेला आहे! हे ऐकलं तेव्हा मला रडूच आलं. बाईंनी मला रडू दिलं, आणि मग शांतपणे सांगितलं की कलम असणं पुरेसं नाही, गाडी कामासाठी 'आवश्यक' आहे हे ऑफिशियल रिसीव्हरला पटलं पाहिजे. ऑफिशियल रिसीव्हर म्हणजे आपली मालमत्ता ताब्यात घेऊन तिचं काय करायचं ते ठरवणारा सरकारी अधिकारी. गाडी सोयीची आहे, मुलांना शाळेत सोडायला लागते, आठवड्याची खरेदी होते, यातलं काहीही इथे चालत नाही. घर ते ऑफिस एवढाच प्रवास असेल आणि बस किंवा ट्रेन मिळत असेल, तर गाडी हातची जाऊ शकते. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, त्याचा आशय असा: तुमचं काम कसं चालतं हे ज्याला अजिबात माहीत नाही, त्याला कागदावरून दिसलं पाहिजे.

म्हणून मी एक फाइल केली. माझा दिवस सकाळी सातच्या आत सुरू होतो. पहिल्या घरी एक आजोबा आहेत, त्यांना पार्किन्सन्स. त्यांच्या गोळ्या ठरल्या वेळीच जायला लागतात. अर्धा तास उशीर झाला तरी अंग ताठरतं, खुर्चीतून उठवत नाही, पाण्याचा कप ओठांपर्यंत नेताना हात थरथरतो. तिथून पुढच्या गावात एक आजी, त्यांना हॉइस्टनं, म्हणजे माणसाला उचलणाऱ्या यंत्रानं, उचलावं लागतं, तिथे आम्ही दोघी लागतो आणि दुसरी मुलगी माझ्यासाठी थांबलेली असते. मग तिसरं गाव. सोबत ग्लोव्ह्जची खोकी, ॲप्रन, पॅडची पिशवी. संध्याकाळी परत हीच फेरी, आणि तेव्हा त्या रस्त्यावर बसच नसते. हे सगळं मी फोनमधल्या रोटा ॲपवरून, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावरून, छापून घेतलं, प्रत्येक घराची वेळ दिसेल असं, पण रुग्णांची नावं आणि पत्ते खोडून, कारण ती त्यांची खासगी माहिती आहे. शेजारी बसचं वेळापत्रक लावलं. मॅनेजरकडून पत्र घेतलं की या पदासाठी स्वतःची गाडी ही अट आहे. नेमणुकीच्या कागदातही ती अट होतीच, त्याचीही प्रत जोडली.

आणि एक कागद, जो मला स्वतःला सुचलाच नसता: गाडीच्या विम्याचं प्रमाणपत्र. आमच्यासारख्या एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्यांना साध्या विम्यावर भागत नाही, त्यात 'बिझनेस यूज' घ्यावा लागतो. तो माझ्याकडे आधीपासून होता. सल्लागार बाई म्हणाल्या, हे अर्जाच्या फार आधीचं आहे, त्यामुळे तुमच्या म्हणण्याला वजन येतं. असं बारीक लक्ष मी पैसे देऊनही कुठे पाहिलेलं नाही.

गाडीच्या किमतीचा प्रश्न वेगळा. कामासाठी आवश्यक असली तरी गाडी महाग असेल तर कलम ३०८ लागू होतं. म्हणजे ती विकून, तेवढंच काम करणारी साधी गाडी घेण्यापुरते पैसे तुम्हाला देऊन उरलेले घेणेकऱ्यांना जातात. ज्यांच्या दारात मोठी एसयूव्ही आहे त्यांनी हे आधीच मनाशी धरून चालावं. यातही एक वाट आहे: नातेवाईक किंवा मित्र तो वरचा फरक भरायला तयार असेल तर गाडी तुमच्याकडे राहू देण्याचा प्रस्ताव रिसीव्हरसमोर ठेवता येतो. माझे दीर त्यासाठी तयार होते. वेळ आली नाही, पण त्या माणसानं एका शब्दानं विचारलं नाही की पैसे परत कधी, हे मी कधी विसरणार नाही. किंमत काढताना मी माझ्याच वर्षाच्या, तेवढ्याच मैल चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती छापल्या. माझ्या यारिसच्या मागच्या दारावर पोचा आहे आणि क्लच बदलायला आला आहे, त्याचे फोटो आणि गॅरेजचं कोटेशन लावलं. खरी किंमत सांगायची, कमी नाही आणि जास्त नाही.

याच सुमारास घरच्यांकडून एक सल्ला आला, आपल्याकडे हमखास येतो तो: गाडी पुतण्याच्या नावावर करून टाक. हे कुणीही करू नये. लॉगबुकवर, म्हणजे व्हीफाइव्हसीवर, ज्याचं नाव असतं तो फक्त नोंदणीकृत 'कीपर' असतो, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. आणि अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत कमी किमतीत किंवा फुकट दिलेली वस्तू परत मिळवण्यासाठी कलम ३३९ खाली कोर्टात जाता येतं. पुतण्याला कोर्टाची नोटीस, आपल्यावर लपवाछपवीचा ठपका आणि दिवाळखोरीचे निर्बंध वर्षानुवर्षं लांबण्याची शक्यता. कायद्यानं सरळ मिळणारी गोष्ट अशी वाकडी करून घालवू नका.

हप्त्यांवरच्या गाडीचं गणित निराळं असतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीची गाडी पीसीपीवर, म्हणजे हप्त्यांच्या एका प्रकारच्या करारावर, आहे, तिच्यासाठी म्हणून मी मुद्दाम विचारून घेतलं. हायर पर्चेस किंवा पीसीपीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीची असते, त्यामुळे कलम २८३ इथे पुरं पडत नाही. बहुतेक करारांत असं कलम असतं की ग्राहक दिवाळखोर झाला तर करार संपवता येईल. काही कंपन्या हप्ते वेळेवर येत असतील तर करार चालू ठेवतात, काही ठेवत नाहीत. म्हणून करार आधी वाचायचा. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ प्रमाणे एकूण रकमेच्या एक तृतीयांश भरून झालं असेल तर कोर्टाच्या आदेशाशिवाय गाडी उचलता येत नाही, एवढं संरक्षण आहे. हप्ता फार जड असेल तर रिसीव्हर तो खर्च मान्य करेलच असं नाही. लॉगबुक लोन घेतलेलं असेल तर सगळ्यात कठीण, कारण गाडीच तारण असते.

दोन व्यवहारी गोष्टी, ज्यांनी माझं काम एक दिवसही अडलं नाही. दिवाळखोरीची ऑर्डर निघाली की बँकेला कळतं आणि खातं गोठू शकतं. माझ्या विम्याचा हप्ता डायरेक्ट डेबिटनं जात होता. खातं गोठलं, हप्ता परत गेला आणि विमा रद्द झाला, तर गाडी कायद्यानं माझी राहूनही रस्त्यावर आणता आली नसती. म्हणून जिथे माझं काहीच देणं नव्हतं अशा दुसऱ्या बँकेत बेसिक खातं उघडलं, पगार आणि विमा तिकडे वळवला, आणि हे सगळं अर्जाच्या आधी. दुसरी गोष्ट खर्चाच्या तक्त्याची: पेट्रोल, विमा, रोड टॅक्स, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), टायर आणि दुरुस्ती यांसाठी खरी रक्कम लिहायची. खर्च वजा जाता पगारातून बऱ्यापैकी शिल्लक दिसली तर रिसीव्हर तीन वर्षांपर्यंत महिन्याला पैसे भरण्याचा करार करायला सांगतो. संकोचानं दुरुस्तीचे पैसे कमी लिहिले, तर पुढच्या एमओटीला आपल्याच पोटाला चिमटा बसतो.

प्रत्यक्ष अर्जाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०१६ पासून तो ऑनलाइन आहे, कोर्टात उभं राहावं लागत नाही. फी ६८० पौंड, त्यातले १३० अर्जावर निर्णय देणाऱ्या ॲडज्युडिकेटरचे आणि ५५० रिसीव्हरकडच्या कामासाठी ठेव. थोडे थोडे करून भरता येतात, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज पाठवता येत नाही. ज्याच्याकडे काही उरलेलं नाही त्याच्याकडून ६८० पौंड घेणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी जिथे बोलता येईल तिथे बोलते.

ऑर्डरनंतर रिसीव्हरच्या कार्यालयातून फोनवर मुलाखत झाली. आवाजात धमकी नव्हती, तुच्छताही नव्हती. गाडीवर प्रश्न आलाच: कामावर बसनं का जात नाही? मी फाइल समोर उघडून बसले होते. मंगळवारचा रोटा वाचून दाखवला, गावागावांची अंतरं सांगितली, बसची शेवटची वेळ सांगितली. गोळ्यांच्या वेळेबद्दल सांगितलं तेव्हा पलीकडच्या बाई टाइप करताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ते पुन्हा सांगा, मला नीट लिहून घ्यायचंय." कागद ईमेलनं पाठवले. पुढे पत्र आलं: गाडी कामासाठी आवश्यक म्हणून सूट, तिच्यावर दावा करणार नाही.

ज्यांना नाव छापून येण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी: नाव लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात आणि इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर येतं, हे खरं. आपल्या मंडळातलं कुणी गॅझेट चाळत बसलेलं मी पाहिलेलं नाही, आणि कुणी चाळलं तरी मला आता खाली मान घालावीशी वाटत नाही. साधारणपणे बारा महिन्यांत माणूस यातून मोकळा होतो. क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षं राहतं. मोकळं होईपर्यंत ५०० पौंड किंवा जास्त उधारी घेताना दिवाळखोर असल्याचं सांगणं बंधनकारक आहे. गाडीच्या विम्याचे मासिक हप्तेही उधारीतच मोडतात, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी लक्षात ठेवा; जमल्यास वर्षाचा विमा एकरकमी भरा.

आता सेवेच्या मर्यादा. नॅशनल डेटलाइन तुमच्या वतीनं घेणेकऱ्यांशी भांडत नाही. ते माहितीपत्रकं देतात, पत्रांचे नमुने देतात, काय आधी आणि काय नंतर करायचं ते सांगतात, आणि मग काम तुम्ही करायचं. मला ते आवडलं, कारण मुलाखतीच्या वेळी प्रत्येक आकडा माझा स्वतःचा होता. पण ज्यांना इंग्रजी पत्रांचा धसका आहे, किंवा मनानं अगदी खचले आहेत, त्यांनी समोरासमोर बसून बोलायला सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्लासंस्थेकडे जावं. स्टेपचेंज ही कर्जसल्ला देणारी संस्थाही मोफत आहे. टॅक्सी चालवणारे, ड्रायव्हिंग शिकवणारे, व्हॅन घेऊन दुरुस्तीची कामं करणारे, म्हणजे स्वतःचा धंदा असलेले, यांच्यासाठी त्याच ट्रस्टची बिझनेस डेटलाइन आहे. अवजारं आणि गाडी दोन्हींचा प्रश्न असेल तर थेट तिथे फोन करा. मी लिहिलेले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंडमध्ये कायदाच वेगळा, तिथे आवश्यक गाडीसाठी ३,००० पौंडांची मर्यादा आहे, तेव्हा तिथल्यांनी तिथला सल्ला घ्यावा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फोन करताना पगाराच्या पावत्या, गाडीचं लॉगबुक, विम्याचं प्रमाणपत्र आणि असेल तर फायनान्सचा करार हाताशी ठेवा. आणि अर्जाचे पैसे भरायला सुरुवात करण्याआधी फोन करा.